उताराचे काम

‘काम’ हा शब्द आम्ही कामगार चळवळीतली माणसे दिवसातून शंभर वेळा उच्चारतो. कामाचे तास, कामाचा दाम, काम बंद, काम चालू. असे असूनही काम म्हणजे काय, ते मोजायचे कसे, हा प्रश्न आमच्या सभांत क्वचितच निघतो. पदार्थविज्ञानाने मात्र या शब्दाची मोजदाद फार वर्षांपूर्वी ठरवून टाकली. तेथे त्याला ‘कार्य’ असे भारदस्त नाव आहे. आपल्याकडे घरात कार्य निघाले म्हणजे लग्न वा मुंज समजावी. शाळेच्या पुस्तकात मात्र कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेने झालेले विस्थापन. हा हिशेब कोठून आला, तो कोणी कोणासाठी मांडला, आणि त्यात ‘उणे कार्य’ नावाची जी चमत्कारिक वाटणारी गोष्ट आहे तिच्याशी आपल्या मुलखाचा काय संबंध, हा आजचा विषय आहे. मी कॉलेजात शिकलेला माणूस नाही. जे वाचले ते वाचनालयात, रात्री, आणि बरेचसे कामाच्या भांडणातून गरज पडली म्हणून वाचले. तेव्हा बीजगणित बेताचे राहील, आणि पोती, बैल व आगगाड्या पुष्कळ येतील.

प्रथम पोत्याकडे पाहू. पन्नास किलोचे धान्याचे पोते जमिनीवरून दीड मीटर उंचीच्या ट्रकमध्ये चढवायचे आहे. हमाल ते वर उचलतो. त्याचा जोर वरच्या दिशेने आहे आणि पोतेही वरच जाते. जोर व चाल एका दिशेला, म्हणून हमालाचे कार्य धन. त्याच वेळी पृथ्वी पोत्याला खाली ओढत असते. पोते तर वर चालले आहे. तिचा जोर चालीच्या उलट, म्हणून तिचे कार्य ऋण. दोन्ही आकडे सारखे, साधारण ७३५ ज्यूल, एक अधिक आणि एक उणे. पोते वर जाऊन स्वस्थ बसते, त्याला वेग राहात नाही, कारण बेरीज शून्य झाली. आता तेच पोते उतरवा. पृथ्वी खाली ओढते, पोते खाली येते, म्हणजे पृथ्वीचे कार्य धन, आणि हमाल? तो पोते आपटू नये म्हणून वरच्या दिशेने धरून ठेवतो आणि पोते खाली जाते. त्याचे कार्य ऋण. उणे ७३५ ज्यूल. व्यापाऱ्याच्या वहीत उणे रक्कम म्हणजे देणे. शास्त्राच्या वहीत तसे नाही. तेथे उणे याचा अर्थ एवढाच, की त्या बलाने वस्तूला शक्ती दिली नाही, वस्तूकडून काढून घेतली.

एक खुलासा आधीच केलेला बरा. अमुक बल नेहमी धन आणि तमुक बल नेहमी ऋण, अशी जात बलांना नसते. घर्षण म्हणजे नेहमी अडथळा, असे पुष्कळांना वाटते. सावद्याहून केळीची गाडी भरून निघते तेव्हा पाहा. ट्रक सुरू होतो आणि खालच्या फळ्यांवर ठेवलेले घड त्याच्याबरोबर पुढे जातात. त्यांना पुढे कोण नेते? फळीचे घर्षणच. तेथे घर्षण धन कार्य करते. पुढे नाक्यावर ट्रकने ब्रेक लावला की तेच घर्षण त्याच घडांना मागे धरते, आणि आता त्याचे कार्य ऋण होते. बल तेच राहिले आणि चिन्ह बदलले. कोणत्या बलाने, कोणत्या वस्तूवर, कोणत्या चालीत, हे तिन्ही विचारल्याशिवाय चिन्ह सांगता येत नाही.

आता इतिहास. कामाची ही मोजणी ऋषिमुनींच्या चिंतनातून आली नाही, तशी ती विद्यापीठातूनही आली नाही. ती खाणीच्या तोंडाशी जन्मली. इंग्लंडातल्या खाणींत पाणी भरे आणि ते उपसायला घोडे लावावे लागत. १७१२ साली न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन आले. पण ते कोळसा फार खाई. खाणमालकाला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: एवढ्या कोळशात किती पौंड पाणी किती फूट वर येते? वजन गुणिले उंची हा हिशेब येथून रूढ झाला. जॉन स्मीटन नावाच्या इंजिनिअरने १७५९ साली पाणचक्क्यांवर केलेले आपले प्रयोग याच मापाने मांडले. जेम्स वॅट व त्याचा भागीदार बोल्टन यांनी तर धंद्याचीच रीत अशी ठेवली, की जुन्या इंजिनापेक्षा आमच्या इंजिनाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आम्हांला द्या. पण ज्या गिऱ्हाइकाकडे जुने इंजिन नव्हते, घोडे होते, त्याच्याशी सौदा कसा करायचा? तेव्हा वॅटने घोड्याचे माप ठरवले: मिनिटाला ३३,००० पौंड एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. सामान्य घोड्याला हा वेग दिवसभर झेपत नाही, पण माप कायम झाले आणि आजही मोटारपंपाच्या पाटीवर ते लिहिलेले असते. मालकाने जनावराची आणि यंत्राची तुलना करण्यासाठी काढलेले हे माप आहे. ही गोष्ट पुढे हमालाकडे येताना उपयोगी पडेल.

धन आणि ऋण हा भेद स्पष्ट मांडला तो एका फ्रेंच फौजी इंजिनिअरने, लाझार कार्नो याने. १७८३ साली त्याने यंत्रांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात तो म्हणतो की यंत्रावर काम करणारी बले दोन प्रकारची असतात. ज्या बलाची दिशा चालीच्या दिशेशी लघुकोन करते ते प्रेरक. जे विशालकोन करते ते विरोधक. आज शाळेत नववी-दहावीची मुले जे चिन्ह पाठ करतात, ते हेच. दहा वर्षांनी हाच कार्नो फ्रेंच क्रांतीच्या फौजांची उभारणी करीत होता, आणि लोक त्याला विजयाचा संघटक म्हणत. कोणते बल चालीच्या बाजूने आणि कोणते विरुद्ध, हे ओळखण्याचा अभ्यास त्याला तेथे उपयोगी पडला की नाही, हे सांगता येत नाही. पण संघटनेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला तो माणूस आवडतो.

कूलाँब हे नाव विजेच्या संदर्भात आपण ऐकलेले असते. याच कूलाँबने माणसांच्या श्रमांवरही एक निबंध लिहिला, आणि त्यात ओझी घेऊन जिने चढणाऱ्या पॅरिसच्या मजुरांकडे बारकाईने पाहिले. त्याच्या ध्यानात असे आले की माणूस ओझे घेऊन चढू लागला की त्याच्या दिवसभराच्या शक्तीचा पुष्कळ भाग वाया जातो. त्यापेक्षा त्याने रिकाम्या हाताने वर जावे आणि मग आपल्या स्वतःच्या वजनाने खाली येता येता दुसऱ्या बाजूचे ओझे वर ओढावे, हे अधिक लाभाचे. पॅरिसच्या विद्वानांना ही मोठी नवलाची गोष्ट वाटली असेल. खानदेशातल्या शेतकऱ्याने ऐकली असती तर तो हसला असता. त्याची मोट दुसरे काय करीत होती?

मोट आता दिसत नाही. विजेचे पंप आले आणि एका पिढीत ती गेली. म्हणून तरुण श्रोत्यांसाठी थोडे सांगतो. विहिरीच्या काठी चाक, चाकावरून नाडा, नाड्याला चामड्याची किंवा लोखंडी मोट, आणि विहिरीपासून लांब उतरत जाणारी बैलांची धाव. मोट भरली की बैल धावेवरून खाली चालत, मोट वर येई, सोंडेचा सोंदूर ताणला की पाणी थारोळ्यात ओतले जाई. मग बैल मागे सरत सरत धाव चढत, आणि रिकामी मोट खाली जाई. धाव सपाट न ठेवता उतरती का ठेवली, हा खरा प्रश्न आहे. हिशेब करून पाहू. मोटेत १५० किलो पाणी आणि विहीर १२ मीटर खोल धरू. पाणी वर आणायला साधारण १७,६०० ज्यूल कार्य लागते. बैलजोडीचे वजन ८०० किलो आणि १२ मीटरच्या धावेत उतार दीड मीटरचा धरला, तर बैल खाली जाताना पृथ्वी त्यांच्यावर सुमारे ११,८०० ज्यूल धन कार्य करते. म्हणजे पाणी वर ओढण्याच्या ओझ्यापैकी दोन-तृतीयांश भार बैलांच्या वजनानेच उचलला! बैलांच्या पायांना उरलेला एक-तृतीयांश आणि चाका-नाड्याचे घर्षण तेवढे सोसायचे.

पण फुकट काही मिळत नाही. परत येताना बैलांना स्वतःचे ८०० किलो दीड मीटर चढवावेच लागते, आणि त्या वेळी पृथ्वी त्यांच्यावर तेवढेच ऋण कार्य करते. एका फेरीत तिचा हिशेब शून्य. मग साधले काय? श्रमाची वाटणी साधली. सगळा भार एका दिशेला न टाकता एक-तृतीयांश जाताना, दोन-तृतीयांश येताना असा विभागला, आणि जोडी दिवसभर टिकली. हे शहाणपण कोणी लिहून ठेवले नाही. धाव खोदणाऱ्याच्या कुदळीत ते होते. १९३६ च्या डिसेंबरात याच फैजपुरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंना बैलांच्या रथातून मिरवत आणले. त्याची छायाचित्रे लोक अजून कौतुकाने पाहतात. त्या काळी या गावच्या शिवारात बैल रोज धावेवर जे करीत होते त्याचे छायाचित्र घ्यावे, असे कोणाला सुचण्याचे कारण नव्हते.

‘कार्य’ हे नाव मात्र अजून पडले नव्हते. ते १८२९ साली पडले. कोरिओलिस आणि पाँसले या दोन फ्रेंच माणसांनी एकाच सुमारास ते रूढ केले. पाँसलेची कथा सांगण्यासारखी आहे. नेपोलियनच्या १८१२ च्या रशियावरील स्वारीत तो पकडला गेला आणि व्होल्गाकाठच्या साराटोव्ह गावी युद्धकैदी म्हणून राहिला. जवळ एकही पुस्तक नव्हते; तेव्हा आठवेल तेवढ्या भूमितीवर त्याने तेथे नवी भूमिती रचली. पुढे मायदेशी परतल्यावर त्याने मेत्स या गावी १८२७ पासून कारागिरांना आणि कामगारांना यंत्रशास्त्रावर व्याख्याने दिली. व्याख्याने संध्याकाळची असत, कारण श्रोते दिवसा कामावर असत. आपल्याकडे १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि तिच्याच वाटेने पुढे गावोगावच्या व्याख्यानमाला निघाल्या. मेत्सची ती व्याख्याने अशाच वर्गातली. त्यांत समोर लोहार, सुतार, गिरणीवाले बसलेले. त्यांना समजेल असा शब्द हवा होता. विद्वानांत ‘यांत्रिक सामर्थ्य’, ‘क्रियेचे प्रमाण’ असे जड जड शब्द चालत. पाँसले आणि कोरिओलिस यांनी ‘त्राव्हाय’ हा शब्द घेतला. फ्रेंच भाषेत मजूर रोज जे करतो त्याला त्राव्हायच म्हणतात. शास्त्राने हा शब्द आमच्याकडून उसना नेला आहे, हे मी जरा अभिमानाने सांगतो. यंत्राला पुढे नेणारे ते चालक कार्य, त्याला अडवणारे ते विरोधी कार्य, आणि दोहोंतला फरक यंत्राच्या गतीत साठतो, हा सिद्धांत त्यांनी पक्का केला.

हा सिद्धांत महाराष्ट्राच्या भूमीवर सर्वांत मोठ्या प्रमाणात कोठे घडून आला असेल, तर तो सह्याद्रीच्या दोन घाटांत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. ती सपाटीवरची गोष्ट होती. खरा प्रश्न पुढे होता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे प्रमुख इंजिनिअर जेम्स बर्कले यांनी डोंगर चढण्यासाठी दोन वाटा काढल्या: पुण्याकडे जाणारा बोरघाट आणि आपल्याकडे येणारा थळघाट, ज्याला आपण कसारा घाट म्हणतो. बोरघाटात जवळजवळ सोळा मैलांत १,८३१ फूट चढण. थळघाटात सुमारे सव्वानऊ मैलांत ९७२ फूट. दोन्हीकडे अतितीव्र चढ ३७ फुटांना १ फूट. बैलगाडीवाल्याला हा चढ म्हणजे चढच नव्हे. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक इतके सहज घरंगळते, की गाडीच्या प्रत्येक टनाला तेथे २७ किलोच्या ओढीने पृथ्वी मागे खेचते, आणि सपाटीवर गाडी ओढायला लागते त्याच्या कितीतरी पट ही ओढ होते. म्हणून मागून ढकलायला दुसरे इंजिन लावावे लागले. खंडाळ्याखाली तर वळायलाच जागा नव्हती. तेव्हा गाडी एका टोकाला जाऊन थांबायची आणि उलट तोंडाने दुसऱ्या मार्गाने चढायची. या जागेला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत.

हे घाट कोणी बांधले? पुस्तकांत इंजिनिअरांची आणि कंत्राटदारांची नावे आहेत. बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले. कंत्राटदार फॅव्हिएल याच्या मजुरांनी १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीसाठी दंगा केला, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्याने कंत्राट सोडले. पुढच्याच वर्षी, १८६० साली, रेल्वे, कालवे व इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे झटपट निकालात काढण्यासाठी सरकारने एक कायदा केला. फॅव्हिएलनंतर सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. मग त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट हाती ठेवून काम पुरे करवून घेतले. १८६१ च्या आरंभी त्या एका घाटावर ४२ हजारांहून अधिक माणसे काम करीत होती. सुरुंग, कॉलरा, तुटलेले कडे यांत किती गेली त्याचा नावनिशीवार हिशेब ठेवलेला नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बोरघाट खुला झाला. १८६५ साली थळघाट खुला झाला. त्या वाटेने भुसावळ मुंबईला कायमचे जोडले गेले, १८६७ साली भुसावळहून नागपूर गाठले, आणि १८७० साली खांडव्यावरून जबलपूरला कलकत्त्याकडून आलेला रूळ मिळाला.

चढण्याची चिंता सर्वांना दिसते. रेल्वेवाल्यांची खरी चिंता उतरण्याची होती. एक हजार टनांची मालगाडी इगतपुरीहून कसाऱ्याला उतरते असे धरा. ९७२ फूट म्हणजे २९६ मीटर. एवढ्या उताराने पृथ्वी त्या गाडीवर २९० कोटी ज्यूल धन कार्य करते. विजेच्या भाषेत सुमारे ८०० युनिट. शंभर युनिट जाळणाऱ्या आठ घरांचा महिन्याचा वापर. ही सगळी शक्ती गाडीच्या वेगात साठू दिली तर कसाऱ्याला गाडी पोचणार नाही, दरीत पोचेल. म्हणून तेवढेच ऋण कार्य कोणीतरी करायला हवे. हवा आणि रुळांचा विरोध त्यातला थोडा वाटा उचलतो. बाकीचा सगळा ब्रेकचा. आरंभीच्या काळात डब्याडब्यांत ब्रेकवाले बसत आणि शिटी ऐकताच हाताने चाके आवळीत. नंतर सर्व गाडीला एकदम लागणारे ब्रेक आले. घाटात ठिकठिकाणी बाजूला चढत जाणारे रूळ टाकून ठेवले. हे कॅच साइडिंग. गाडी ताब्यात असल्याचे चालकाने थांबून दाखवावे, मगच पुढचा मार्ग मिळे. न थांबणारी गाडी आपोआप त्या चढावर जाई, आणि तेथे पृथ्वीच तिच्यावर ऋण कार्य करून तिला थोपवी. जिने पळवली तिनेच अडवली. घाटातली सर्वांत हुशार युक्ती मला ही वाटते.

ब्रेकने काढून घेतलेली शक्ती जाते कोठे? या प्रश्नाचे उत्तर मँचेस्टरच्या जेम्स ज्यूलने दिले. हा दारू गाळणाऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पदवी नसलेला. १८४० नंतरच्या दहा वर्षांत त्याने उतरत्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून दाखवले की हरवलेले कार्य हरवत नाही, त्याची उष्णता होते. आणि ठरावीक कार्याची ठरावीकच उष्णता होते. आपल्या त्या मालगाडीचे २९० कोटी ज्यूल जर पाण्यात घातले, तर साधारण दहा हजार लिटर पाणी उकळीला येईल. एवढी धग ब्रेकचे ठोकळे आणि चाके शोषून वाऱ्यावर सोडतात. घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकांजवळ उभे राहिलेल्यांना तो करपट वास माहीत आहे. वर्षानुवर्षे कोळसा जाळून गाड्या वर चढवायच्या आणि त्याच उंचीची शक्ती उतरताना धगीत घालवायची, असा हा व्यवहार होता.

१९२९-३० च्या सुमारास दोन्ही घाटांत वीज आली आणि हा व्यवहार पालटला. ठाकुर्लीजवळच्या चोळा वीजघरातून घाटाला वीज मिळू लागली. स्वित्झर्लंडच्या कारखान्यातून लांब नाकाची मालइंजिने आली; चालण्याच्या तऱ्हेवरून रेल्वेच्या लोकांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटले. या खेकड्यांत अशी सोय होती की उतारावर मोटरीचे जनित्र व्हावे. चाके मोटरीला फिरवतात, मोटर वीज तयार करते, ती वीज वरच्या तारेत परत जाते, आणि वीज करण्याचा जो विरोध असतो तोच गाडीला मागे धरतो. ऋण कार्य तेवढेच झाले. पण त्याची धग होण्याऐवजी दुसरीकडे घाट चढणाऱ्या गाडीला ते धन कार्य म्हणून मिळाले. मोटेची धाव आणि हा घाट यांत मला फारसा फरक दिसत नाही. उतरणाऱ्याच्या वजनाने चढणाऱ्याचे ओझे ओढायचे, एवढेच. आता मुंबईच्या नव्या लोकल गाड्यांतही ब्रेक लावताना सुमारे तीस टक्के वीज परत मिळते.

आता पुन्हा हमालाकडे. काही वर्षांपूर्वी एका बाजारपेठेत हमालीच्या दराची बोलणी चालली होती. समोरच्या बाजूला एक शिकलेला तरुण होता. तो हसत म्हणाला, “दादा, गोदामातल्या गोदामात पोते इकडून तिकडे नेले तर फिजिक्सप्रमाणे काम शून्य होते. तुम्ही पैसे कशाचे मागता?” आमचे लोक चिडले. मला मात्र वाटले की या मुलाचे म्हणणे पुस्तकाप्रमाणे खरे आहे आणि त्याला उत्तरही पुस्तकातूनच दिले पाहिजे.

पोते पाठीवर, जोर वर, चाल आडवी. काटकोनात कार्य शून्य, हे बरोबर. पण हे कार्य पोत्यावर झालेले आहे. ते हमालाचे श्रम नव्हेत. चढवण्याचेच घ्या, तेथे तर शून्य नाही. दिवसाला दोनशे पोती दीड मीटर चढवली, म्हणजे दहा टन माल. पोत्यांवरचे एकूण कार्य १,४७,००० ज्यूल. विजेच्या युनिटाचा पंचविसावा भाग! युनिटला दहा रुपये धरले तरी चाळीस पैसे. अन्नात मोजले तर ३५ कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीचा चतकोरही नाही. हमालाच्या अंगाचे साठ किलोही दर खेपेला चढतात; ते मिळवले तरी अर्धी भाकरी. मग दोनशे पोती चढवणारा माणूस अर्ध्या भाकरीवर राहतो का? मी त्या तरुणाला एवढेच विचारले. हे माप पाणी उपसणाऱ्या यंत्राचा कोळसा मोजण्यासाठी निघाले. त्याने माणसाची मजुरी मोजणे म्हणजे तागडीने कापड मोजणे आहे.

शरीराची बाजू शास्त्राने उशिरा पाहिली, पण पाहिली. इंग्लंडच्या आर्चिबाल्ड हिल यांना स्नायूंतून निघणाऱ्या उष्णतेवरील संशोधनासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खुंटीला टांगलेले ओझे खुंटीला थकवत नाही; स्नायू मात्र ओझे नुसते धरून ठेवायलाही आतल्या आत तंतू आवळीत-सोडीत राहतो, आणि त्याला प्रत्येक क्षणी इंधन लागते. बाहेर कार्य शून्य, आत खर्च चालू. शिवाय चालताना माणूस सपाट जातच नाही. प्रत्येक पावलाला अंग आणि ओझे थोडे वर जाते, थोडे खाली येते. वर जाताना स्नायूंचे कार्य धन, खाली येताना ऋण, आणि बैलाच्या धावेसारखी त्याची वजाबाकी होऊन परत काही हाती लागत नाही. खेकडा इंजिनाप्रमाणे उताराची शक्ती तारेत परत पाठवण्याची सोय माणसाच्या मांडीत नाही.

तरी चढणे आणि उतरणे सारखे नाही, हेही खरे. १९५२ साली अॅबट, बिगलंड आणि रिची या इंग्रज संशोधकांनी एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एक माणूस पुढे पायडल मारतो. दुसऱ्याचे पायडल त्यामुळे उलटे फिरते आणि तो ते अडवतो. जोर दोघांचा सारखा, वेग सारखा. एकाचे कार्य धन, दुसऱ्याचे तेवढेच ऋण. श्वासातला प्राणवायू मोजला तेव्हा अडवणाऱ्याला फारच थोडा लागला असे दिसले. पायडल मारणारा धापा टाकतो आणि अडवणारा स्वस्थ असतो.

व्यापाऱ्यांचे म्हणणे याने सिद्ध होते असे कोणी म्हणेल; उतराईचा दर चढाईपेक्षा कमी असावा, कारण माल आपसूक खाली येतो. पण त्याच स्नायूंचा दुसरा हिशेब आहे. ताणत ताणत भार सोडणारा स्नायू प्राणवायू कमी खातो, आणि त्याचे तंतू मात्र अधिक फाटतात. गड चढून उतरलेल्याला दुसऱ्या दिवशी ज्या मांड्या दुखतात त्या चढल्यामुळे कमी आणि उतरल्यामुळे अधिक. ट्रकच्या फळीवरून पाठीवर पोते घेऊन उतरणाऱ्या हमालाचे गुडघे हेच ऋण कार्य वीस-पंचवीस वर्षे करीत असतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ओझ्याच्या मर्यादेचा करार केला आणि त्याबरोबरच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा घातला. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. शंभर किलोच्या पोत्याकडून पन्नास किलोच्या पोत्याकडे येण्यात आमच्या लोकांच्या पाठीची एक पिढी गेली.

त्या बोलण्यांत आम्ही शेवटी मागितले ते इतकेच: फळीवरून उतरवायच्या पोत्याला चढवायच्या पोत्याइतका दर, आणि गोदामात थप्पी हलवायची असेल तर खेपांची मोजणी अंतरावर. तरुणाने कागद-पेन्सिल घेऊन दीड मीटरचा हिशेब पुन्हा एकदा केला, चाळीस पैशांच्या आकड्याखाली रेघ ओढली, आणि शेजारी बसलेल्या वडिलांकडे तो कागद सरकवला. उतराईचा दर त्या दिवशी बरोबरीचा झाला. अंतराचा प्रश्न अजून बाकी आहे.